लिथियमचा पेशंट आणि यल्लम्माची वारी

मानसोपचार वॉर्डात पहिली पोस्टिंग लागली की नव्या नर्सना धास्ती असते ती आरडाओरडा करणाऱ्या पेशंटची. मला विचाराल तर मुकाट्याने गोळी गिळणाऱ्या लिथियमच्या (मूड स्थिर ठेवणारं औषध) पेशंटवर जास्त लक्ष ठेवा.

सुरू करताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड, गरजेप्रमाणे ईसीजी आणि गरोदरपणाची तपासणी फाईलला आहे ना, बघायचं. लिथियमची पातळी बघायला रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी आधी दिलीत तर आकडा उगाच चढलेला दिसतो. साधारण 0.6 ते 1.0 mmol/L ठीक, 1.5 च्या वर धोका. पण त्याखालीही लक्षणं दिसू शकतात, रिपोर्टवर विसंबू नका.

खरी गोची घरी होते. खानापूर-निपाणीकडची माणसं पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर निघतात. उपास, डोंगरावरचं ऊन, पाणी कमी, त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलातून आणलेली डायक्लोफेनॅक नाहीतर ब्रुफेन. अंगातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याच्यासोबत लिथियमही. दुखण्याची गोळी त्यात भर घालते. डोस तोच, रक्तातलं प्रमाण मात्र वाढत जातं. म्हणून “गोळ्या वेळेवर घेतल्या का मामा?” एवढ्यावर भागत नाही. पाणी किती पिता, जुलाब झाले का, मीठ सोडलंय का, दुसरी कुठली गोळी चालू आहे, सगळं विचारा. हातात चहाचा कप द्या. बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. चहा बशीत सांडतोय, जीभ जड झालीय, झोक जातोय, उलट्या होताहेत? डोस द्यायचा नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं. “सिस्टर, थोडी दारू घेतलीय त्यांनी,” असं घरचे सांगतील. तेवढ्यावर सोडू नका.

एवढं वाचून घाबरू नका. चार प्रश्न आहेत, महिनाभरात तोंडी बसतात.

बरं वाटलं म्हणून घरच्यांनी लिथियम अचानक बंद केलं तर आजार उलटतो. बंद करायचंच तर डॉक्टर किमान 4 आठवडे, जमल्यास 3 महिने घेऊन डोस उतरवत नेतात. विषबाधेच्या शंकेने डोस रोखणं ही वेगळी गोष्ट.

गोळ्या वाटायच्या आधीच चार्टवर सह्या ठोकणारे सिनियर भेटतील. त्यांच्याकडून शीर शोधायला शिका, बाकी काही नको. डिस्चार्जची चिठ्ठी इंग्रजीत असते, तेव्हा मराठीत समजावून पेशंटकडून परत म्हणवून घ्या. आणि रात्री धारवाडला डिमहान्सकडे (तिथली मानसोपचाराची मोठी संस्था) पाठवायची वेळ आली तर शेवटचा डोस किती वाजता, किती मिलिग्रॅम, हे रेफरच्या कागदावर ठळक लिहा. नातेवाइकांना ते आठवत नाही.