वजन रोज करा, निकाल आठवड्याने लावा

वजन कमी करायला घेतलं की काट्यावर किती वेळा उभं राहायचं? आमचं उत्तर असं: रोज सकाळी एकदा. पण वजन उतरतंय की नाही हे ठरवायचं आठवड्यातून एकदाच, सात दिवसांची सरासरी काढून. रोजचा आकडा फक्त वहीत लिहायचा, त्यावरून त्या दिवशी काही ठरवायचं नाही. सकाळचा आकडा बघून ज्यांचा सगळा दिवस नासतो, त्यांनी आठवड्यातून एकदाच मोजावं. महिन्यातून एकदा मोजून मात्र हाती फारसं काही लागत नाही, कारण चूक कळेपर्यंत महिना गेलेला असतो.

एका दिवसात चरबी जाते ती किती?

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. गरजेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर दिवसाला साधारण ६५ ग्रॅम चरबी जाते, महिन्याला दोन किलोच्या आसपास. घरातले डिजिटल काटे बहुधा ५० किंवा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात. म्हणजे दिवसभर मन मारून केलेली मेहनत काट्यावर फार तर एक टप्पा हलवते. दुसरीकडे शरीरातलं पाणी, पोटातलं अन्न आणि आतड्यातला मळ यांमुळे वजन रोज अर्धा-एक किलो, कधी दोन किलोही वरखाली होतं. कालच्यापेक्षा आज ४०० ग्रॅम जास्त भरलं, यावरून चरबीबद्दल काहीच कळत नाही.

पाणी कशाकशाने साठतं हे माहीत असलं की आकड्याची धास्ती निम्मी होते. पहिलं कारण मीठ. रात्री पापड, लोणचं, फरसाण किंवा हॉटेलची भाजी झाली की शरीर ते मीठ पातळ ठेवायला पाणी धरून ठेवतं आणि एक-दोन दिवसांत सोडतं. दुसरं कारण भात, पोळी, साखर. यांतला काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो. मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी एकदम बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, ते बहुतांशी हे पाणी. पुन्हा नेहमीचं जेवण सुरू केलं की ते परत येतं आणि माणूस समजतो, सगळं फुकट गेलं. कडक उपासाच्या दुसऱ्या दिवशी हलका भरणारा काटाही याच कारणाने हलका असतो.

लग्नाच्या पंगतीनंतर सकाळी १.२ किलो वाढलेले दिसले तर हिशेब करा. ती खरी चरबी असायला गरजेपेक्षा नऊ हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा कितीही झाला तरी एका पंगतीत तेवढं जेवण होत नाही. थोडी चरबी वाढली असेल, पण बाकीचं मीठ, पाणी आणि अजून पुढे न सरकलेलं अन्न. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवा, ते उतरतं. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, कारण संध्याकाळी भूक अनावर होते आणि तिथून खरी घसरण सुरू होते.

नवा व्यायाम सुरू केल्यावरही पहिला-दुसरा आठवडा वजन अडतं किंवा थोडं वाढतं. दुखणारे स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात. इतक्या दिवसांत स्नायू किलोभर वाढत नाहीत, त्यामुळे ‘मसल वाढले’ हे स्पष्टीकरण खरं नसतं. तेवढ्यावरून व्यायाम सोडू मात्र नका.

मोजायचं कसं

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, अनशापोटी, चहा-पाण्याच्या आधी, कमीत कमी आणि रोज तितक्याच कपड्यांत मोजायचं. पेलाभर पाणी प्यायलात की काटा लगेच पाव किलो जास्त दाखवतो. जीन्सचं वजनही अर्धा किलोच्या पुढे जातं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर यांत अर्धा ते एक किलोचा फरक पडतो, म्हणून आज रात्री आणि परवा सकाळी असं मोजलं तर तुलनाच होत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ न बघता मुख्य झोपेनंतर मोजावं.

काटा सपाट, कडक फरशीवर ठेवा. सतरंजी, गालिचा किंवा फरशीच्या सांध्यावर काट्याचा पाय आला की आकडा चुकतो. त्याची जागाही पक्की ठेवा. डिजिटल काटा हलवला असेल तर पायाने दाबून चालू करा, शून्य येऊ द्या, मग उभे राहा. दोन्ही पाय मध्यापासून सारख्या अंतरावर, हात मोकळे, नजर समोर. वाकून आकडा बघितलात की तो हलतो. स्प्रिंगचा काटा असेल तर रोज चढण्याआधी सुई शून्यावर आहे का पाहा, नसेल तर चाकाने आणा.

काटा तपासायला पाच किलो आट्याचं न उघडलेलं पाकीट पुरतं. आधी एकटे उभे राहा, मग पाकीट घेऊन. फरक पाच किलोच्या जवळ यायला हवा, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे चालतील. पाकीट नुसतं काट्यावर ठेवून बघू नका, माणसांचे काटे इतकं कमी वजन नीट दाखवत नाहीत. काही काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असलं तर जुनाच आकडा दाखवतात. सलग पाच दिवस दशांशापर्यंत तोच आकडा आला तर हा संशय घ्या आणि आधी पाकीट घेऊन एकदा मोजून मग मोकळ्या हाताने मोजा.

दवाखान्यातला, जिममधला आणि घरचा आकडा एकमेकांशी जुळवत बसू नका. दुपारी जेवून, बूट घालून, दुसऱ्या काट्यावर केलेलं वजन घरच्यापेक्षा दोन किलोंनी जास्त येऊ शकतं. काटा खरा असावा हे बरंच, पण तुमच्या कामासाठी त्याहून महत्त्वाचं हे की काटा रोज तोच असावा.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे पायांतून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज करतात आणि तो अंदाज शरीरातल्या पाण्यावर बदलतो. रोज तो आकडा पाहण्यात अर्थ नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरू नये.

लिहायचं काय, बघायचं काय

एका आठवड्याचे आकडे असे समजा, सोमवारपासून: ७८.४, ७८.९, ७८.१, ७९.२, ७८.८, ७८.३, ७८.०. चौथा मोठा आकडा आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणाचा. पुढचा आठवडा: ७८.२, ७८.५, ७७.६, ७८.७, ७८.३, ७७.८, ७७.६. दुसऱ्या गुरुवारचे ७८.७ पाहून कोणीही म्हणेल, अकरा दिवस झाले आणि सुरुवातीपेक्षा वजन जास्तच. पण पहिली सरासरी येते ७८.५३ आणि दुसरी ७८.१०. आठवड्यात सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास उतरले, म्हणजे काम अगदी नीट चाललंय.

सरासरी काढायला मोबाइलवरची शीट चालते, वहीसुद्धा पुरते. सोपं करायचं तर ७७ बाजूला ठेवा आणि उरलेलेच आकडे मिळवा: १.४, १.९, १.१ असे. बेरीज १०.७, तिला सातने भागलं की १.५३, त्यात ७७ परत मिळवा. एखादा दिवस चुकला तर सहाने भागा, चुकलेल्या दिवसाचा आकडा अंदाजाने भरू नका. शेजारी एक छोटा रकाना ठेवा: ‘बाहेर जेवण’, ‘पाळी’, ‘पोट साफ नाही’, ‘प्रवास’. दोन महिन्यांनी हाच रकाना सगळ्यांत जास्त शिकवतो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो ही बहुतेकांसाठी चांगली गती. पहिल्या आठवड्याची मोठी घट हिशेबात धरू नका. सलग तीन आठवडे सरासरी हललीच नाही, तरच जेवणात बदल करा, आणि तोही छोटा, दिवसाला शंभर-दोनशे कॅलरींचा. दोन चमचे साखर घातलेले तीन कप चहा म्हणजे नुसत्या साखरेच्या १२० कॅलरी. फोडणीतलं १० मिली तेल म्हणजे ८० ते ९०. आधी असं काही निघतंय का पाहा, मग पोळीला हात लावा.

पाळी येणाऱ्या बायकांसाठी

पाळीच्या आधीचे काही दिवस शरीर पाणी धरतं. कोणाचं अर्धा किलो वाढतं, कोणाचं दोन किलो, कोणाचं काहीच नाही. त्यामुळे या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहिली तर दर महिन्याला एकदा उगाच निराशा होते. पाळी सुरू झाल्यापासून आठवडे मोजा आणि या चक्राचा दुसरा आठवडा मागच्या चक्राच्या दुसऱ्या आठवड्याशी ताडा. वजन अडलंय हे म्हणायलाही तीन आठवड्यांऐवजी एक पूर्ण चक्र जाऊ द्या.

आठवड्यातून एकदाच मोजायचं असेल तर

वार पक्का ठरवा आणि तो आठवड्याच्या मधला असू द्या, बुधवार किंवा गुरुवार. शनिवार-रविवारी खाणं सैल होतं, म्हणून सोमवारचा काटा बहुधा वरचा आणि शुक्रवारचा खालचा असतो. एक आठवडा सोमवारी आणि पुढचा शुक्रवारी मोजलात तर न झालेली घट झालेली दिसेल. एकाच आकड्यावर भिस्त असल्याने चार आठवड्यांचे चार आकडे हाती आल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

यासोबत दर पंधरा दिवसांनी कंबर मोजा, रोज मोजत असाल तरीही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध शिवणाची टेप आडवी धरा, श्वास सहज सोडल्यावर वाचा, पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा धरतात. वजन अडलेलं असताना कंबर दीड सेंटीमीटर उतरलेली असते, असं व्यायाम करणाऱ्यांत बरेचदा होतं.

वजन उतरल्यानंतर

इथे रोजच्या मोजणीचं मोल आणखी वाढतं. अमेरिकेत संशोधक रीना विंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, किमान १० टक्के वजन उतरवलेल्या ३१४ जणांचे गट पाडून त्यांना १८ महिने पाहिलं. समोरासमोर शिकवलेल्या गटाला रोज वजन करायला आणि वाढ दिसताच पाऊल उचलायला सांगितलं होतं. २.३ किलो किंवा त्याहून जास्त वजन परत येण्याचं प्रमाण या गटात, नुसती पत्रकं मिळालेल्या गटापेक्षा बरंच कमी राहिलं. त्यांची पद्धत घरीही वापरता येते. ठरवलेल्या वजनापासून १.४ किलोच्या आत असलात तर जसं चाललंय तसं चालू द्या. त्यापुढे गेलात तर आठवडाभर खाण्याची नोंद ठेवून कुठे सैल झालं ते शोधा. २.३ किलोच्या पुढे गेलात तर वजन उतरवतानाचं जेवण पुन्हा सुरू करा. ही रेषा एका सकाळच्या आकड्याला लावू नका, सरासरीला लावा.

कोणी मोजू नये, कोणी डॉक्टरांना विचारावं

आकडा वाढला म्हणून जेवण टाळणं, खाल्लेलं ओकून काढणं, दिवसातून चार-पाच वेळा काट्यावर जाणं यांतलं काही होत असेल तर काटा घरातून हलवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती रोजच्या वजनाची वही देऊ नका. गरोदरपणात वजन तपासणीच्या वेळी दवाखान्यात होतं, त्या दिवसांत ते उतरवायच्या मागे लागू नका.

हृदय कमकुवत असलेल्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात ते वेगळ्या कारणाने. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ म्हणजे अंगात पाणी भरतंय, तेव्हा सात दिवसांच्या सरासरीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. आणि खाणं-पिणं काही न बदलता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन आपोआप गेलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचं चार किलो, तर आनंद न मानता तपासणी करून घ्या. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग यांची पहिली खूण पुष्कळदा काट्यावरच दिसते.