तीन मशिनी, एक फोल्डर आणि ७७७

माझी पहिली नोकरी एका लहानशा छापखान्यात. डिझाइनवाल्यांकडे मॅक, हिशेबाला विंडोज आणि पंख्याखाली ठेवलेला एक जुना डेस्कटॉप. त्यावर मी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं आणि त्या दिवसापासून सगळे त्याला ‘सर्व्हर’ म्हणू लागले. मालकांचं म्हणणं एकच, "पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढणं-उतरणं बंद करा."

नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायला विंडोज एसएमबी नावाची भाषा बोलतं, मॅकलाही ती येते. लिनक्सला ती बोलायला लावतो सांबा नावाचा प्रोग्रॅम. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात हे काम सुरू केलं. एस, एम, बी ही अक्षरं ज्या शब्दात ओळीने येतात असा शब्द शोधताना ‘सांबा’ सापडला. नाचाशी काही संबंध नाही.

सांबा बसवायला दहा मिनिटं लागली, पण निस्तरायला महिना. पहिला गोंधळ पासवर्डचा. लिनक्सवर युजर केला, पासवर्ड दिला, तरी विंडोज आत घेईना. सांबाची पासवर्डची वही वेगळी असते, तिथे एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने पुन्हा नोंद करावी लागते. शिवाय विंडोज एकाच सर्व्हरवर एका वेळी दोन नावांनी जाऊ देत नाही. जुनं कनेक्शन विंडोजच्या ‘नेट यूज’ कमांडने तोडा, मग नवं जोडा. हे कळेपर्यंत मी केबलच बदलत बसलो होतो.

मग खरा घोळ. डिझाइनरने सेव्ह केलेली फाइल हिशेबवाल्या काकांकडे रीड-ओन्ली उघडायची. मी ७७७ मारलं, म्हणजे वाचायची, लिहायची, उडवायची सगळी परवानगी सगळ्यांना. चाललं. नवी फाइल आली की पुन्हा तेच. शेवटी रोज रात्री सगळ्या फोल्डरवर ७७७ मारणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या सोयीत, टाकली आणि स्वतःवर खूश झालो. एके दिवशी शिकाऊ मुलाने लग्नपत्रिकांचा अख्खा फोल्डर डिलीट केला. नेटवर्कवरून उडवलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. बॅकअप नव्हता. दोन दिवस सगळे पुन्हा पत्रिका जुळवत होते आणि माझ्याशी कोणी चहालाही बोलत नव्हतं.

दोष सांबाच्या मूळ क्रिएट मास्कचा होता, म्हणजे नव्या फाइलीला कोणती परवानगी मिळेल ते ठरवणाऱ्या आकड्याचा. तो ०७४४ असतो, म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतं. उपाय साधा: सगळ्यांचा एक ग्रुप, फोल्डरला २७७० (म्हणजे आतली नवी फाइलही त्याच ग्रुपची होते), सांबाच्या एसएमबी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७०. ही सेटिंगची फाइल बदलली की आधी तिच्यातल्या चुका तपासणारं टेस्टपार्म चालवा, मगच सर्व्हिस रीस्टार्ट करा. सोबत उडवलेल्या फाइली बाजूला जपून ठेवणारं सांबाचं रिसायकल मोड्यूलही लावून घ्या, मी ते पत्रिकांनंतर लावलं.

जुना स्कॅनर फक्त एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर चालायचा. ती चालू करण्याचा मोह झाला होता. पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच आवृत्तीतल्या भोकातून पसरला होता. स्कॅनरला फाइली पाठवायची दुसरी जुनी पद्धत, एफटीपी, दिली, तीही फक्त आतल्या नेटवर्कपुरती.

एक गोष्ट मात्र मराठीवाल्यांनाच भेटेल. जुन्या मॅकवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने आणलेल्या फाइलींत ‘दुसऱ्या प्रुफाची’ ही फाइल दोनदा दिसू लागली, नावं हुबेहूब सारखी. जुनं मॅक ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असं साठवतं, विंडोज टाइप केलं तसं ठेवतं, आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. नावांची अक्षरं एका पद्धतीतून दुसरीत बदलणाऱ्या आरसिंकच्या आयकॉन्व्ह पर्यायाने ते सुटलं. काकांनी मात्र त्याआधीच फाइलीचं नाव ‘प्रूफ २’ करून टाकलं होतं.