मोबाइल-नेटची तक्रार करताना या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात नेट गेलं की माणूस आधी गाठतो ते रिचार्जचं दुकान. 'भाऊ, नेट चाली नही राहिनं' एवढं सांगतो. दुकानदार फोन बंद करून चालू करतो, 'वर कळवतो' म्हणतो आणि तक्रार तिथंच विरते. यात दुकानदाराचा दोष नाही. तक्रार नोंदवणं हे त्याचं कामच नाही. पण ग्राहकाला सगळ्यांत महाग पडते ती हीच चूक, कारण पुढचे सगळे हक्क तक्रार क्रमांकावर उभे असतात.

क्रमांक न घेता फोन ठेवणं

बहुतेक मोबाइल कंपन्यांचा तक्रारीचा नंबर १९८ आहे आणि तो मोफत आहे. १२१ हा माहितीचा नंबर. तिथं माणसाशी बोलायला पैसे कापले जाऊ शकतात, तरी सवयीनं लोक तोच लावतात. १९८ वर पहिलाच प्रश्न भाषेचा येतो. तिथं मराठी निवडा, मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायची गरज नाही. बोलणं झालं की तक्रार क्रमांक मागा. तो मेसेजनंही यायला हवा. आला नाही तर पुन्हा फोन करा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. वही म्हणतोय ते मुद्दाम, कारण मेसेज पुसले जातात.

'नेट चालत नाही' एवढंच सांगणं

एवढ्या सांगण्यावरून कंपनीला काहीच शोधता येत नाही. यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या नानांची तक्रार दोनदा 'नेटवर्क ठीक आहे' असा शेरा मारून बंद झाली होती. तिसऱ्यांदा त्यांच्या नातीनं ती अशी लिहिली: 'कॉल लागतात, नेट मिळत नाही. घरात आणि मळ्यात दोन्हीकडं सारखंच. गावातली लाइट गेली की साधारण तासाभरात सिग्नल जातो आणि लाइट आल्यावरच परत येतो. शेजारच्या दोन घरांतही हाच अनुभव.' त्याबरोबर चार दिवसांच्या वेळा. यातलं लाइटचं वाक्य सगळ्यांत कामाचं होतं. बिघाड नानांच्या फोनमध्ये नसून टॉवरच्या बॅटरीत असावा, हे त्यावरूनच समजतं. भारनियमन असलेल्या आपल्या गावांत तक्रार करताना लाइटच्या वेळा लिहायलाच हव्यात.

पहिल्या नकारावर थांबणं

माझ्या पाहण्यात सगळ्यात कमी वापरला जाणारा हक्क म्हणजे अपील. तक्रार न सोडवताच बंद केली, किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं ३० दिवसांच्या आत जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ई-मेल किंवा पोस्टानं पाठवलं तरी चालतं. निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेच्या २०१२ च्या नियमांतली ही सोय आहे. पण अपिलात पहिली विचारणा तक्रार क्रमांकाची होते. काही जण थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, त्यामुळं महिना वाया जातो.

कापलेले पैसे सोडून देणं

रिचार्ज केल्यावर बॅलन्स आपोआप कमी होत असेल तर बहुधा कॉलर ट्यून, जोक किंवा ज्योतिषाची एखादी सेवा चालू झालेली असते. अशी सेवा ग्राहकाच्या दोनदा मिळालेल्या होकाराशिवाय चालू करता येत नाही. १५५२२३ वर मोफत फोन करून ती बंद करा आणि पैसे परत मागा, जितक्या लवकर तितकं बरं. प्रीपेड ग्राहकाला मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील जास्तीत जास्त ५० रुपयांत मागता येतो. पैसे कधी, कशासाठी गेले याचा तो लेखी पुरावा असतो.

आठवडे बाजारात छत्रीखाली सिम घेताना 'ठसा आला नाही, परत लावा' असं सांगितलं जातं. खरोखर आला नसेलही. पण त्या दुसऱ्या ठशावर आपल्या नावानं आणखी एक सिम निघालेलं असू शकतं, म्हणून घरी आल्यावर सरकारच्या 'संचार साथी' वेबसाइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तो आपला नाही, असं तिथंच नोंदवता येतं.

जिल्हाभर बंद पडलं तर भरपाई न मागणं

२०२४ च्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर त्या जिल्ह्यात नोंदलेल्या पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव मुदत मिळायला हवी. नैसर्गिक आपत्ती असेल तर हे लागू नाही. सुरतेला कामाला गेलेल्या मुलानं तिकडून घेऊन दिलेलं सिम नंदुरबारात वापरत असाल, तर नोंदणी इथली नसते, हे ध्यानात घ्या.

कंपनी बदलायची असेल तर आधी हिशेब मिटवा, कारण पोर्ट केल्यावर, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलल्यावर, उरलेला बॅलन्स जातो. त्यासाठी १९०० वर मेसेज करून मिळणारा कोड चार दिवस चालतो. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. गुजरातचा नंबर महाराष्ट्रात आणायला तीनऐवजी पाच कामाचे दिवस लागतात.

अपंग ग्राहकाची अडचण 'घरच्यांनी करून द्यावी' म्हणणं

हे मला सगळ्यात जास्त खुपतं. दृष्टिहीन मुलगी सिम घ्यायला गेली की कॅमेरा डोळे मिचकावायला सांगतो, ते जमत नाही आणि दुकानदार म्हणतो, 'भावाच्या नावावर घ्या.' मग बँकेचा ओटीपी, शिष्यवृत्तीचा मेसेज, सगळं भावाच्या नावावरच्या नंबरवर. ऐकू न येणाऱ्या आबांची तक्रार कुणीतरी दुसराच फोनवर सांगतो आणि त्यांना नेमकं काय हवं होतं तेच राहून जातं.

असं मान्य करू नका. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. केवायसीत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवताना, डोळे मिचकावण्याशिवाय दुसरा मार्ग असावा, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, असे निर्देश त्यात आहेत. दाद मागणाऱ्यांत अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियाही होत्या. सिम नाकारलं तर नकार लेखी मागा. मिळाला नाही तर तारीख, दुकान आणि बोललेलं वाक्य लगेच लिहून काढा आणि त्यावर कंपनीत तक्रार नोंदवा.

ऐकू न येणाऱ्यांनी १९८ चा हट्ट धरू नये. अ‍ॅप, वेबसाइट किंवा ई-मेलवर नोंदवलेल्या तक्रारीलाही क्रमांक मिळतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालू केलं की पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवला जातो, आणि लाइव्ह ट्रान्सक्राइब समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. कंपनीचं अ‍ॅप टॉकबॅकला दाद देत नसेल, बटणाचं नाव न सांगता नुसतं 'बटण' म्हणत असेल, तर तीसुद्धा तक्रारच आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार पुण्यातल्या राज्य आयुक्तांकडंही दाद मागता येते.

आयोगाला घाबरणं

अपिलातही काम झालं नाही तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेत. टेलिकॉमच्या तक्रारी इथं चालत नाहीत असं सांगून पूर्वी परत पाठवत. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा ग्राहकाच्या बाजूनं निकाली काढला. सेवेसाठी आपण दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. सोबत तक्रार क्रमांक, अपिलाचं उत्तर आणि वापराचा तपशील जोडा. अर्ज कसा लिहायचा हे अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा.