ल्युसर्नला जाण्याआधी निघोजला जा

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ल्युसर्नच्या सिंहाचा फोटो असतोच. कातळात कोरलेला, प्राण सोडत असलेला सिंह. १७९२ मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचं ते स्मारक. बस थांबते, पंधरा-वीस मिनिटं मिळतात, फोटो निघतात आणि सगळे पुन्हा बसमध्ये. त्या सिंहाला अगदी लागून एक बाग आहे, ग्लेशियर गार्डन नावाची. तिच्यात साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद असा दगडी रांजण आहे, पाण्याने घडवलेला. आपली माणसं तिथवर जाऊन तो न बघता परततात, याची मला मनापासून हळहळ वाटते. तो रांजण नीट कसा बघायचा, तेच इथे सांगते. त्याची सुरुवात मात्र नगर रस्त्यापासून करावी लागते, कारण पाण्याने घडवलेले असेच खळगे, म्हणजे निघोजची कुंडं, कुकडी नदीच्या पात्रात आहेत.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कोथरूडहून निघोजला सतरा वेळा तरी गेले असेन. पहिल्यांदा गेले ती एप्रिलमध्ये, भर दुपारी, मुलांची सहल घेऊन. कातळ इतका तापला होता की चपलेतूनही चटका बसत होता. मुलं सावली शोधत होती, मी मुलं मोजत होते. अर्ध्या-पाऊण तासात आम्ही परत फिरलो आणि कुणालाच काही दिसलं नाही. म्हणून आधी वेळेचं सांगते. डिसेंबर ते फेब्रुवारी जा आणि सकाळी आठच्या आत पोहोचा. उन्हं तिरपी असतात तेव्हाच दगडावरच्या रेघा उठून दिसतात. बाराच्या उन्हात सगळा कातळ सपाट काळा होऊन जातो.

पुण्याहून निघोज नव्वदेक किलोमीटर. साडेपाचला घर सोडलं तर वाघोलीची कोंडी चुकते. रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन येताना घ्या, जाताना थांबलात की उन्हं वर येतात. शिरूरहून कुंडांकडे रस्ता फुटतो. एसटीने जायचं असेल तर नगरकडे जाणाऱ्या गाड्या शिरूरला थांबतात, पुढे जीप किंवा रिक्षा बघावी लागते. परतीचं वाहन उतरतानाच ठरवून ठेवा.

कुकडी नदी इथे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते. काठावर मळगंगेचं देऊळ आहे. देवळाजवळ कुणालाही एक प्रश्न विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका: "दादा, आवर्तन सुटलंय का?" वर कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत, त्यांतून ठरावीक काळाने पाणी सोडतात, तेच आवर्तन. आभाळ निरभ्र असलं तरी पाणी वाढू शकतं. पावसाळ्यात तर पात्रात पाय ठेवायचाच नाही. शेवाळ्याचा हिरवा पट्टा दिसला की तिथून मागे या. खळग्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि आत पडलेल्या माणसाला धरायला काही नसतं.

आता बघायचं काय? बहुतेक जण सगळ्यात मोठ्या खळग्याशी जाऊन उभे राहतात. तुम्ही लहानापासून सुरुवात करा. आधी परातीएवढा उथळ खळगा शोधा. त्यात चार गोटे आणि थोडी वाळू दिसेल. पुराचं पाणी कातळातल्या एखाद्या फटीशी भोवरा धरतं, त्या भोवऱ्यात वाळू-गोटे गरगर फिरतात आणि दगड घासला जातो. पूर ओसरला की काम थांबतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू होतं. एक गोटा उचलून हातात घ्या. तोही गोल झालेला असतो, कारण खळगा घासताना तो स्वतःही घासला गेलेला असतो. बघून झाल्यावर तो होता तिथेच ठेवा.

मग घागरीसारखा खळगा शोधा, तोंड लहान आणि पोट मोठं असलेला. त्याच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर गोल गोल खाली जाणाऱ्या पन्हाळी लागतात. फिरणाऱ्या पाण्याची ती खूण. त्यानंतर दोन खळग्यांमधली भिंत झिजून जिथे भोक पडलंय ती जागा पाहा. पुढे अशी भोकं वाढतात, खळगे एकमेकांत मिसळतात आणि नदीला अरुंद, खोल घळ मिळते. परातीपासून घळीपर्यंत सगळ्या अवस्था इथे शे-दोनशे पावलांत दिसतात. पुस्तकातली आकृती दाखवून मला जे वर्षानुवर्षं नीट समजावता आलं नाही, ते मुलांना इथे पाच मिनिटांत कळलं.

सोबत एक दोरी न्या. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला खडा बांधा. कडेपासून लांब, पालथं झोपून, कुणाला तरी पाय धरायला लावून ती लहान खळग्यात सोडा. मोठ्या कुंडांशी हे करू नका. गाठी मोजा, वहीत खोली लिहा, शेजारी तोंडाची रुंदी लिहा. फोटोत खोली कळत नाही. वहीतले आकडे मात्र पुढे परदेशात कामाला येतात.

हा सगळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं कोरलं तेही याच दगडात.

आता ल्युसर्न. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. सहल कंपनीच्या कार्यक्रमात सिंहाचं स्मारक बहुधा असतंच. निघण्याआधी, पुण्यात पैसे भरतानाच, विचारा की ल्युसर्नला मोकळा वेळ किती आणि कोणत्या वेळी. घड्याळं-चॉकलेटं घ्यायला तास-दीड तास देतात. तो वेळ ग्लेशियर गार्डनसाठी राखा. सरोवराकाठच्या दुकानांपासून ती दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे. तिकीट लागतं. परत कुठे आणि किती वाजता भेटायचं ते सहल व्यवस्थापकाकडून कागदावर लिहून घ्या.

आमराईन-ट्रोलर नावाच्या माणसाने १८७२ मध्ये तिथे तळघरासाठी खोदायला घेतलं आणि हे रांजण सापडले. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी त्या जागी हिमनदी होती. बर्फाच्या तळाशी वितळलेलं पाणी प्रचंड दाबाखाली, वाळू घेऊन भोवऱ्यासारखं फिरायचं. दगड तिथला वालुकाश्म, आपल्या काळ्या पत्थराहून मऊ. नदी वेगळी, दगड वेगळा, हवामान तर कुठल्या कुठे, पण भिंतीवरच्या पन्हाळी त्याच. मी कठड्याशी उभी राहून त्या बघत होते, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे तर आपलं कुंड!" त्या आधीच्याच जानेवारीत निघोजला दोरी धरून पालथ्या झोपल्या होत्या. शेजारी आमच्याच गटातले दोघे काका घाईने पुढे चालले होते. वन्संनी त्यांना थांबवलं आणि पन्हाळी दाखवल्या. पुढची वीस मिनिटं ते तिथून हलले नाहीत.

तिथेच ताडाच्या पानाचा जीवाश्मही आहे. दोन कोटी वर्षांपूर्वी ल्युसर्नच्या जागी उष्ण समुद्रकिनारा होता, त्या वेळचा. तो चुकवू नका. आरशांचा भुलभुलैया मुलांना आवडेल, पण वेळ कमी असेल तर तो सोडा.

दक्षिण आफ्रिकेला जाणार असाल तर ब्लाइड नदीच्या दरीतले बोर्क्स लक पॉटहोल्स बघा. तिथे खळगे निघोजसारखे नदीनेच घडवलेत, फक्त कातळ लालसर-पिवळा. उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे, म्हणजे समुद्राकाठचे सुमारे ४० हजार दगडी खांब, बघायचा असेल तर आधी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बघा. दोन्हीकडे लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकून खांब झाले. ॲरिझोनातल्या उल्कापाताच्या विवराआधी लोणार. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, ॲरिझोनाचं १.२. आपलं मोठं आहे, आणि बेसॉल्टमधलं, म्हणजे आपल्या काळ्या पत्थरातलं, असल्यामुळे चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना ते फार मोलाचं वाटतं.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा निघोजला चाललोय. ते दोघे काकाही येणार आहेत. वन्संनी नवी दोरी आणून गाठी मारून ठेवल्यात, आणि साडेनऊ मीटरच्या जागी लाल दोरा बांधलाय.