पॅलिंड्रोमच्या पहिल्या प्रोग्रामची डागडुजी

पॅलिंड्रोम म्हणजे दोन्हीकडून सारखा वाचला जाणारा शब्द किंवा वाक्य, मराठीत विलोमशब्द किंवा विलोमवाक्य. पायथॉन शिकताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो ओळखणारा प्रोग्राम हटकून लिहिला जातो. वाक्य विचारायचं, लूप लावून पहिलं अक्षर शेवटच्याशी, दुसरं उपांत्य अक्षराशी ताडायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ छापायचं. ‘नयन’ दिलं की ‘हो’ येतं आणि काम झालं असं वाटतं. ‘नयन’ मात्र फार सोपं गिऱ्हाईक आहे. त्याला काना नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही.

इथे आयता कोड दिलेला नाही. पायऱ्या मराठीत आहेत आणि बहुतेक पायरीची पायथॉनमध्ये एक-दोन ओळींत सोय होते. त्या स्वतः लिहा.

आधी लूप बघू. सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे ‘जुळलं तर ट्रू परत दे, नाहीतर फॉल्स परत दे’ हे दोन्ही लूपच्या आतच लिहिणं. रिटर्न आला की फंक्शन तिथेच संपतं, म्हणून प्रत्यक्षात पहिली जोडीच तपासली जाते. ‘नमकीन’ देऊन पाहा: दोन्ही टोकांना ‘न’ असल्यामुळे उत्तर ‘हो’. लूपमध्ये फक्त ‘न जुळल्यास फॉल्स’ ठेवा. ट्रू परत देणारी ओळ लूप संपल्यावर, लूपच्या बाहेरच्या इंडेंटला यायला हवी.

दुसरी चूक मोजणीची. ‘नयन’ची लांबी ३, पण जागा ०, १ आणि २. शेवटचं अक्षर काढायला ‘लांबी वजा आय’ (आय म्हणजे ०पासून वाढणारा फेरीचा क्रमांक) लिहिलं की पहिल्याच फेरीत जागा क्रमांक ३ मागितली जाते आणि इंडेक्स एरर येते. ‘लांबी वजा आय वजा १’ हवं. लूपही लांबीच्या निम्म्यापर्यंतच चालवा. पुढे त्याच जोड्या उलट क्रमाने पुन्हा ताडल्या जातात. निम्मं काढताना दोन तिरक्या रेघांचा भागाकार वापरा. एका रेघेचा भागाकार दशांशी संख्या देतो आणि रेंज ती घेत नाही.

तिसरी गोष्ट मांडणीची: इनपुट, तपासणी आणि प्रिंट एकाच फंक्शनमध्ये कोंबू नका. तपासणाऱ्या फंक्शनने फक्त ट्रू किंवा फॉल्स द्यावं, छापणाऱ्याने छापावं. असं केलं नाही तर चाचण्या घेताना दर वेळी कीबोर्डवर शब्द टाइप करत बसावं लागतं.

लूपच नको असेल तर वाक्य उलटून मूळ वाक्याशी ताडा. चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक लिहून स्ट्रिंग उलटते, हे बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो रिव्हर्स्ड वापरताना. ते फंक्शन स्ट्रिंग देत नाही, एकेक चिन्ह पुरवणारा इटरेटर देतं, म्हणून स्ट्रिंगशी केलेली तुलना नेहमीच फॉल्स येते. यादीचं रिव्हर्स आणखी वेगळं: ते यादी जागच्या जागी उलटतं आणि हाती नन, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवतं.

इथवरची दुरुस्ती कुठल्याही भाषेच्या वाक्याला लागू आहे. आता ‘ती होडी जाडी होती’ द्या. उत्तर येईल ‘नाही’.

कारण आपण अक्षरं मोजतो आणि पायथॉन यूनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, चिन्हं मोजतो. ‘ती’ हे आपलं एक अक्षर, पायथॉनच्या लेखी दोन चिन्हं: त आणि वेलांटी. ‘प्या’ची लांबी ४ येते: प, पाय मोडल्याचं चिन्ह, य आणि काना. ‘ती’ उलटून छापलं की आधी वेलांटी येते, तिला टेकायला अक्षर नसल्यामुळे पडद्यावर बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर ती लटकलेली दिसते, आणि मग त. ‘नवजीवन’सारखा निर्मळ शब्दही याच कारणाने नापास होतो.

या टप्प्यावर स्पेस आणि विरामचिन्हं काढायची म्हणून आयझॲलनम हे फंक्शन लावलं जातं: अक्षर किंवा अंक असेल ते ठेवायचं, बाकी टाकून द्यायचं. मग ‘ती होडी जाडी होती’ला ‘हो’, ‘रामाला भाला मारा’ला ‘हो’, ‘नवजीवन’लाही ‘हो’. आनंदीआनंद! आता ‘काकी’ द्या. तेही ‘हो’. ‘मामी’ही ‘हो’.

झालं असं, की आयझॲलनमच्या लेखी काना, वेलांटी, उकार, अनुस्वार हे अक्षरही नाहीत आणि अंकही नाहीत. स्पेसबरोबर तेही गळाले. ‘काकी’चं ‘कक’ झालं, ‘रामाला भाला मारा’चं ‘रमलभलमर’. बरोबर उत्तरं चुकीच्या कारणाने आली. उलट ‘सर जाताना प्या ना ताजा रस’ हे खरं विलोमवाक्य इथे नापास होतं, कारण ‘प्या’चे प आणि य सुटे होतात आणि उलटल्यावर त्यांची अदलाबदल होते. पायथॉनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमधलं ‘शब्दातलं चिन्ह’ हेही मात्रा असेच गाळतं, त्यामुळे रेगेक्सकडे, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याकडे, वळूनही फरक पडत नाही.

म्हणून आधी वाक्याची अक्षरं पाडा, मग नको ते टाका, मग उलटा. क्रम असाच हवा. स्पेस आधी काढली तर ‘सम्यक् कथा’मधला पाय मोडलेला क पुढच्या शब्दातल्या ‘क’ला चिकटतो आणि नसलेलं जोडाक्षर तयार होतं.

अक्षरं पाडण्यासाठी यूनिकोडडेटा हे पायथॉनसोबत येणारं मॉड्यूल पुरतं. त्यातलं कॅटेगरी फंक्शन प्रत्येक चिन्हाचा दोन अक्षरी प्रकार सांगतं. काना-मात्रा, अनुस्वार, विसर्ग, पाय मोडल्याचं चिन्ह या सगळ्यांचा प्रकार ‘एम’ने सुरू होतो, व्यंजनं आणि सुटे स्वर ‘एल-ओ’ असतात. रिकामी यादी घ्या आणि वाक्यातलं एकेक चिन्ह असं बसवा:

चिन्हाचा प्रकार एमने सुरू होत असेल आणि यादी रिकामी नसेल, तर ते यादीतल्या शेवटच्या तुकड्याला जोडा.
तसं नसेल, पण शेवटचा तुकडा पाय मोडल्याच्या चिन्हाने संपत असेल आणि हे चिन्ह एल-ओ असेल, तरीही त्याच तुकड्याला जोडा.
दोन्ही नसेल तर नवा तुकडा सुरू करा.

पाय मोडल्याचं चिन्ह कोडमध्ये एकटं टाइप करायला जाल तर ते एडिटरमध्ये अवतरणचिन्हावरच बसलेलं दिसतं आणि डोळ्यांना काही कळत नाही. त्याऐवजी सी-एच-आर फंक्शनला २३८१ हा आकडा द्या. शेवटी ज्या तुकड्याचं पहिलं चिन्ह आयझॲलनमला मान्य आहे तेवढेच ठेवा. आयझॲलनम इथे चालतं, कारण मात्रा आता अक्षराच्या पोटात सुरक्षित आहेत. ‘रामाला भाला मारा’ची १६ चिन्हं होती, तिथे आता सात तुकडे मिळतील. ही यादी तिच्याच उलट्या यादीशी ताडली की झालं.

हेच काम रेजेक्स नावाच्या बाहेरच्या लायब्ररीत तयार मिळतं, पण तिथे आवृत्ती बघावी लागते. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम यूनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांनी ‘प्या’चे ‘प्’ आणि ‘या’ असे दोन तुकडे पडतात. वरचे तीन नियम स्वतः लिहिलेले बरे.

अक्षरं पाडण्याआधी वाक्य एकदा धुऊन घ्यावं लागतं, कारण मराठीत एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप झालेलं असू शकतं. ‘दऱ्या’ घ्या. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्तेवाला (खाली ठिपका असलेला) ऱ देतात, काही र, पाय मोडल्याचं चिन्ह आणि मागोमाग न दिसणारा जोडक (क्रमांक ८२०५). न दिसणारी चिन्हं सरसकट उडवली तर दुसऱ्या तऱ्हेच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो; डोंगरातून थेट समुद्रात. तेव्हा आधी यूनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझला ‘एन-एफ-सी’ (समान अक्षरांना एका ठरावीक रूपात आणणारा प्रकार) सांगून वाक्य त्यातून काढा. मग र (२३५२), २३८१ आणि ८२०५ हे त्रिकूट दिसेल तिथे ऱ (२३५३) आणि २३८१ घाला. त्यानंतरच उरलेले ८२०४ (न दिसणारा विभाजक) आणि ८२०५ काढून टाका. ‘ॲप’मधला ॲ काही जण अ आणि वरचा चंद्र असे जोडूनही लिहितात. नॉर्मलाइझ त्यांना एक करत नाही, तिथे सरळ रिप्लेस वापरा. रोमन अक्षरं येणार असतील तर कॅपिटल-स्मॉलचा भेद मिटवणारं केसफोल्डही इथेच लावा, नाहीतर पहिलं अक्षर कॅपिटल असलेलं इंग्रजी ‘मॅडम’ नापास होईल.

आता प्रश्न ‘चिमा काय कामाची’चा. कानाला ते चोख विलोमवाक्य आहे, पण सुरुवातीला ऱ्हस्व चि आणि शेवटी दीर्घ ची. ‘भाऊ तळ्यात उभा’मध्येही ऊ आणि उ समोरासमोर येतात, ते जुळावं म्हणून बरेच जण ‘ऊभा’ लिहून मोकळे होतात. प्रोग्रामने ही मखलाशी गुपचूप करू नये. फंक्शनला ‘सैल’ नावाचा एक पर्याय द्या, मुळात तो फॉल्स ठेवा, आणि ट्रू असेल तेव्हाच ऱ्हस्व वेलांटी दीर्घ, ऱ्हस्व उकार दीर्घ, इ चा ई, उ चा ऊ करा. सुटे स्वर विसरले जातात, आणि मग ‘चिमा’ पास होते पण ‘भाऊ’ तळ्यातच राहतो.

नुसतं ‘!!!’ दिलं तर यादी रिकामी उरते आणि तुलना ट्रू देते. गणिताला ते मान्य आहे, वापरणाऱ्याला विचित्र वाटेल. रिकाम्या यादीसाठी वेगळा निरोप द्यायचा तर तो छापणाऱ्या भागात द्या.

आकड्यांचं थोडक्यात. दहाने भागत संख्या उलटणाऱ्या प्रोग्राममध्ये मूळ संख्या लूपमध्येच झिजून शून्य होते आणि शेवटी तुलना त्या शून्याशी होते, म्हणून सुरुवातीलाच तिची प्रत वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. तारखांना तर इंट (मजकुराची पूर्णांक संख्या करणारं फंक्शन) लावूच नका. ०२/०२/२०२० ही तारीख ०२०२२०२० अशी दोन्हीकडून सारखी वाचता येते, पण इंट केल्यावर पुढचं शून्य जातं आणि उरलेलं २०२२०२० उलटून जुळत नाही.

दर बदलानंतर असर्ट (अट खोटी ठरली की एरर देणारी ओळ) लावून निदान एवढं तपासा: नयन, नवजीवन, ‘टेप आणा आपटे’ आणि ‘सर जाताना प्या ना ताजा रस’ यांना ट्रू, काकी, मामी आणि नमकीन यांना फॉल्स, ‘चिमा काय कामाची’ला एरवी फॉल्स आणि सैल असताना ट्रू. काकी पुन्हा पास झाली, तर मात्रा कुठेतरी गळताहेत असं समजा आणि तुकड्यांची यादी छापून पाहा.