पूलवाहक रणगाडा मांडायचाय? आधी मागे वजन भरा

१९ डिसेंबर जवळ आला की गावोगावच्या सभागृहांत गोवा मुक्तिदिनाची प्रदर्शनं लागतात आणि मॉडेल करणाऱ्यांनाही एखादं टेबल मिळतं. त्या टेबलावर तोफवाले रणगाडे पुष्कळ झाले. या वर्षी त्यांना वाट करून देणाऱ्या गाड्या मांडा: पूल टाकणारी, सुरुंग उकरणारी, सगळ्यांच्या पुढे जाऊन नदी मोजून येणारी. त्यांची गरज गोव्यातल्या माणसाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही. १९६१ साली पोर्तुगीजांनी मागे हटताना बाणस्तारीचा, बोरीचा पूल उडवला. दोडामार्गाकडून निघालेली भारतीय तुकडी १८ डिसेंबरच्या संध्याकाळी पणजीसमोरच्या बेतीला पोचली, तर समोर मांडवी. मांडवीवर तेव्हा पूलच नव्हता. तो झाला १९७० मध्ये. म्हणजे विषय घरचाच आहे. तयारी मात्र घरच्यासारखी ढिली नको.

गोंद, पाती, पॉलिश पेपर, चिमटे यांची यादी देत नाही. ते नसतं तर तुम्ही हे वाचतच नसता.

किटचा डबा उघडायच्याही आधी एक गोष्ट आणून ठेवा: शिसं. मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या. म्हापशाच्या बाजारात मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात, बेतीलाही मिळतील. कशाला ते सांगतो. टी-७२ रणगाड्याच्या सांगाड्यावरचा आपल्या सैन्याचा पूलवाहक २० मीटरचा पूल टाकतो. १/३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागात, हा पूल होतो सत्तावन्न सेंटिमीटर आणि त्याखालची गाडी जेमतेम वीस. दुमडून पाठीवर ठेवला तरी पूल गाडीच्या पुढे-मागे डोकावतो. उघडायला लागलात की कात्रीसारखा आधी उभा राहतो, मग पुढे झुकतो, आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी सगळा भार गाडीच्या नाकावर येतो. खऱ्या गाडीचं वजन चाळीस टनांच्या घरात, इंजिन मागे, शिवाय अशा बहुतेक गाड्यांना पुढे जमिनीत रुतवायचा आधार असतो. तुमची गाडी आहे पोकळ प्लास्टिकची. ती गुपचूप शेपूट वर करते आणि पूल, गाडी, समोरचा खंदक सगळं एका ढिगात येतं. गेल्या खेपेला माझ्या टेबलावर हेच झालं, कारण वजन भरायचं राहिलं होतं. तेव्हा वरची बाजू चिकटवून, रंगवून, डाग-चिखल लावून पूर्ण झाली होती, आणि एकदा पेटी बंद झाली की आत हात जात नाही.

म्हणून खालची पेटी आणि वरचं झाकण एकमेकांना चिकटवायच्या आधी मागे वजन भरा. दिवाळीत नरकासुराचा लांब हात पुढे काढणारी पोरं आधी त्याच्या पायाशी चिरे रचतात. तेवढी अक्कल आपणही दाखवू.

किती भरायचं हे विचारू नका, मोजा. पूल आधी तयार करा, चिकटवू नका, टेपने गाडीच्या नाकाला आडवा, पूर्ण उघडलेला बांधा. मागच्या बाजूला, इंजिनाच्या जागी, छोट्या पिशवीत नाणी टाकत जा. शेपूट खाली बसली की पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. येईल त्याच्या दीडपट शिसं भरा. दीडपट का? टेबलाला धक्का लागतो, मुलं बोट लावतात, आणि रंग-चिखल चढला की पूलही जड होतो. नाकाजवळ किंवा मध्ये भरलेल्या वजनाचा उपयोग फार कमी. पुढच्या चाकापासून जितकं लांब तितकं कमी शिसं पुरतं. मागे भरा, अगदी मागच्या भिंतीला टेकवून.

शिसं सुताराच्या पांढऱ्या गोंदात बसवू नका. त्या गोंदातलं आम्ल शिशावर काम करतं, पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि महिन्यांनंतर चिकटवलेले सांधे उकलतात. आपल्या दमट हवेत तर लवकरच. दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा. हात धुवा, गोळ्या लहान मुलांच्या हाती देऊ नका. शिसं नकोच असेल तर लोखंडी नट चालतील, पण लोखंड हलकं, जागा जास्त खातं, आणि त्या पेटीत जागा फार नसते. काहीही भरा, पण भरा.

आता मापं. १/३५ घ्यायचं की १/७२ हे मॉडेलच्या हौसेवर ठरवू नका, टेबलावर ठरवा. नुसता टी-७२ पूलवाहक असेल तर १/३५ छान दिसतो. पण कुणाला ‘सर्वत्र’ नावाचा पूल मांडायची हुक्की आली तर आधी गणित करा. ट्रकवरचा हा पूल १५ मीटरच्या पाच तुकड्यांचा, एकूण ७५ मीटर. १/३५ मध्ये दोन मीटरच्या वर जातो. सहा फुटी टेबल संपून पूल शेजाऱ्याच्या भरतकामावर उतरेल. १/७२ मध्ये एक मीटर आणि वर थोडं, ते बसतं. अर्जुन रणगाड्यावरचा पूल २४ मीटरचा, म्हणजे १/३५ ला अडुसष्ट-एकोणसत्तर सेंटिमीटर. पूल लांब तितकं मागचं वजन जास्त, हे पुन्हा सांगतोय.

चित्रं जमवा. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या चित्रफिती चांगल्या, पण तिथे पूल दुमडलेलाच असतो. उघडताना सांधे कसे फिरतात, जॅक कुठे टेकतो, हे दिसत नाही. त्यासाठी पूल टाकतानाच्या चित्रफिती शोधा, थांबवून थांबवून बघा, कागदावर रेखाटा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाणं जमत असेल तर जरूर जा. १९९४ साली ते सुरू झालं आणि जुन्या चिलखती गाड्यांजवळ उभं राहून बघता येतं. पट्टी बरोबर न्या आणि फोटोत ठेवा, नाहीतर घरी आल्यावर कुठला नट किती मोठा ते कळत नाही. आणि कृपा करून कुठल्याही लष्करी तळाच्या कुंपणाजवळ मोबाइल काढू नका. रस्त्याने जाणाऱ्या ताफ्याचेही नको. मॉडेलसाठी फोटो काढत होतो, हे पटवून देण्यात तुमची संध्याकाळ जाईल.

पूलवाहकाबरोबर सुरुंग काढणारी एखादी गाडी हवीच, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं इंजिनिअर म्हणजे फक्त पूल. दोन जाती आहेत. एक रोलर: जड चाकं सुरुंगावरून नेऊन तो फोडतात. दुसरा नांगर: दाते जमिनीत घालून सुरुंग उकरून बाजूला सारतात. साधा नांगर फक्त रणगाड्याच्या चाकांवरच्या दोन्ही साखळ्यांच्या समोरची माती साफ करतो, मधली पट्टी तशीच राहते. मागून येणाऱ्या ट्रकला तेवढी साफ वाट पुरत नाही. म्हणून पूर्ण रुंदीचा नांगर. आपल्या सैन्यासाठी टी-९० रणगाड्याला बसणाऱ्या १,५१२ सुरुंगी नांगरांचा करार जुलै २०२० मध्ये बीईएमएल या सरकारी कंपनीशी झाला. हा आकडा पाटीवर लिहा, लोक थांबून वाचतात.

नांगर मांडताना एक चूक हमखास होते. गोव्यातलं प्रदर्शन म्हणून खाली लाल जांभ्याची जमीन करतात. जांभ्यात नांगर चालत नाही. दात्यांना मऊ जमीन लागते, दगडात तो उडतो. वाळू करा, शेत करा, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, चिखल करा. जांभ्याचाच आग्रह असेल तर रोलर बसवा. आणि नांगर नाकापुढे लोंबतो, तो जर धातूचा ओतीव असेल तर इथेही तेच: पेटी बंद करायच्या आधी मागे वजन. नांगरासाठी कमी लागतं, पण लागतं.

टेहळणीची गाडी कुठली? बीआरडीएम-२ सोपी. चार चाकांची, पाण्यात तरणारी, मागे पाण्याचा झोत सोडणारी. तिच्या पोटाखाली दोन्ही आसांच्या मध्ये चार छोटी चाकं असतात, खंदक ओलांडताना ती खाली येतात. तीच दाखवा, तीच मजा आहे. खाली आरसा ठेवा. हिला वजन लागत नाही, सुटलात. जरा पुढचं काही हवं असेल तर बीएमपी-२ या चिलखती गाडीवर केलेली इंजिनिअरांची टेहळणी गाडी करा. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात तिची पहिली खेप सैन्यात दाखल झाली. नदीची खोली, पाण्याचा वेग, काठाची माती रणगाड्याचं वजन पेलेल का, हे मोजायची उपकरणं तिच्यात आहेत. बघणाऱ्यांना हे नीट सांगा, कारण बाहेरून ती कुठल्याही बीएमपीसारखी दिसते. पूलवाहकाच्या आधी तिला उभी करा: आधी मोजायचं, मग पूल टाकायचा, हा क्रम टेबलावरच दिसू दे.

काळ सांभाळा. मुक्तिदिनाच्या फलकाखाली टी-७२ ठेवून वर ‘१९६१’ लिहू नका. टी-७२ आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. गोव्यात तेव्हा आले ते हलके रणगाडे. उडवलेल्या पुलांची गोष्ट एका फलकावर आणि ‘आज हे काम असं होतं’ म्हणून मॉडेल दुसऱ्या बाजूला, असं सरळ वेगळं करा. नाहीतर पहिल्या तासात कुणीतरी निवृत्त सुभेदार येतात, चष्मा वर करतात, आणि मग तुमचा तो तास गेला.

एक फलक राम राघोबा राणे यांचा ठेवाच. आपल्या शेजारच्या कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या तुकडीचे अधिकारी, परमवीर चक्र. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली, त्यातला काही भाग रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, वरच्या चालकाला दोरीने खुणा करत. तेव्हा त्यांच्याकडे ना नांगर होता ना रोलर. सुरुंग काढणारी गाडी कशासाठी असते, हे या फलकावरून जेवढं कळतं तेवढं बाकी माहितीने कळत नाही. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ नावाच्या युद्धनौकेचं संग्रहालय आहे, तिथे राण्यांचा पुतळाही आहे. गोव्यातून जाऊन-येऊन एका दिवसात होतं.

‘एमएलसी ७०’ (मिलिटरी लोड क्लास) असं पुलाच्या पाटीवर लिहाल तेव्हा खाली सोप्या शब्दांत फोड करा. लोक विचारणारच, सत्तर टन का? तो भाराचा वर्ग आहे. एकूण वजनाबरोबर ते किती चाकांवर, किती अंतरात पसरलंय हेही त्यात धरतात. ढोबळ मानाने सत्तर टनांच्या रणगाड्याचा वर्ग म्हणा, भांडण मिटतं.

रंग. पावसाळा सरल्यावरच फवारा. दमट दिवशी लॅकर मारलात तर पृष्ठभाग पांढरट पडतो आणि तो पुन्हा घासावा लागतो. ऑक्टोबरपर्यंत थांबणं होत नसेल तर एसी असलेल्या मित्राशी गोड बोला. रंग मारल्यावर डबा सिलिका जेलसह बंद. आणि रंगाला हात लावायच्या आधी, शेवटचं विचारतो, मागे वजन भरलं ना? पेटी हातात घेऊन हलवा. आत काही खुळखुळलं तर इपॉक्सी सुटलाय, आत्ताच उघडा. काहीच जड लागलं नाही तर तुम्ही भरलेलंच नाही. रंगानंतर कळलं तर फक्त रडायचं.

नेणं-आणणं: पूल वेगळा, गाडी वेगळी, नांगर वेगळा. सांध्याला चुंबक किंवा पिन, गोंद नाही. थर्माकोलमध्ये गाडीच्या आकाराचा खाचा कापा. शिसं भरलेली गाडी जड असते, गतिरोधकावर खालची चाकं तुटतात, म्हणून तिला चाकांवर उभी न ठेवता पेटीवर टेकवा. बसमध्ये मांडीवर नको.

त्या दिवशी: टेबल आधी हलवून बघा, पायाखाली पुठ्ठा. पूल उघडून पाच मिनिटं लांबून बघत उभे राहा. दोरी लावा. एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा न्या, सभागृहात कधी नसतो. फलक मराठीत मोठ्या अक्षरात, खाली इंग्रजी हवं तर. सुटे भाग, झटपट गोंद, चिमटा, टेप खिशात. पाणी. मुलांना हात लावू द्यायला एक जुनं, तुटलेलं मॉडेल वेगळं ठेवा, बाकी वाचतील. आवरताना नाजूक भाग आधी, फलक शेवटी, आणि दरवाजा बंद व्हायच्या आत सगळे डबे मोजून घ्या.