बॉक्स सगळ्यात शेवटी घ्या: राउटर आणि केबलींसाठी पेटी निवडताना

आईच्या घरी जिन्याखाली मी बसवलेला पहिला बॉक्स पत्र्याचा होता. ३० सेमी उंच, ३० सेमी रुंद, १० सेमी खोल. राउटर, फायबरचा मोडेम, पाच पोर्टांचा स्विच (एका केबलवरचं नेट अनेक केबलींना वाटणारा डबा) आणि तिघांचे तीन अडॅप्टर त्यात बरोब्बर मावले, दार लागलं, कडी बसली. संध्याकाळी वरच्या खोलीतून आईची हाक आली, नेट येत नाही म्हणून. दार उघडलं की यायचं, लावलं की जायचं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी राउटर आपोआप बंद पडून पुन्हा चालू झाला. आत थर्मामीटर ठेवून पाहिला तर ५१ अंश. आणि फायबरची केबल दाराने दाबली जाऊन पार दुमडायला आली होती. तीन बिघाड, पण मूळ एकच: मी सामानाचं माप घेतलं होतं. केबलींना वळायला किती जागा लागेल, हवा कुठून फिरेल आणि सिग्नल कुठून बाहेर पडेल, याचं माप घेतलंच नव्हतं.

त्यानंतरची अकरा वर्षं मी घरांमधली नेटवर्क वायरिंगची कामं करते आहे. लोक बोलावतात तेव्हा बहुतेकांनी बॉक्स आधीच आणलेला असतो, काहींनी तर भिंतीला भोकंही पाडलेली असतात. म्हणून पहिली विनंती हीच: बॉक्स सगळ्यात शेवटी घ्या.

जमिनीवर मांडून पाहा

जमिनीवर वर्तमानपत्राचे दोन-तीन मोठे कागद पसरा आणि बॉक्समध्ये जे जे जाणार आहे ते सगळं त्यावर मांडा. नुसती उपकरणं नकोत. प्रत्येक पोर्टात केबल लावा, प्रत्येक अडॅप्टर बोर्डात खोचा, आणि केबली आपसूक जशा वळतील तशा वळू द्या, ओढून बसवू नका. मग सगळ्याच्या बाहेरून पेन्सिलीने चौकोन आखा. हा चौकोन उपकरणांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा निघतो. माझ्या अनुभवात दुप्पट तरी असतोच.

याचं कारण केबलींमध्ये आहे. कॅट ६, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल, साधारण ६ मिमी जाड असते आणि तिला तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवायचं नाही असा नियम आहे. म्हणजे वळणाला जवळजवळ २५ मिमी. त्यात प्लग आणि त्यामागची रबरी टोपी धरली की पोर्टासमोर ६ सेमी मोकळी जागा लागतेच. स्विच बॉक्सच्या भिंतीला अगदी खेटून बसवला तर प्लग आत जातो, पण केबल कोनात मोडते. ती लगेच तुटत नाही. आतल्या जोड्यांची पिळवट बिघडते आणि मग एका खोलीत वेग कमी का मिळतो, याचा शोध महिनोन्‌महिने चालतो.

फायबर त्याहून नाजूक. आतली काच जी.६५७.ए१ प्रकारची असेल तर १० मिमी त्रिज्येपर्यंत वळण चालतं, जुन्या जी.६५२.डी ला ३० मिमी लागतात. केबल हातात घेऊन यातली कोणती ते नेहमी कळत नाही, म्हणून मी सरसकट ३० मिमीच धरते. माझ्या हातातल्या बांगडीएवढं वेटोळं, त्याहून लहान कधीच नाही. जास्तीची फायबर कापता येत नाही, तिला गुंडाळून ठेवायला बॉक्समध्ये स्वतंत्र कोपरा हवा, आणि तो कोपरा वर्तमानपत्रावरच्या चौकोनात आधीच धरायला हवा.

बॉक्स किती खोल हवा हे मात्र राउटर ठरवत नाही, अडॅप्टर ठरवतो. पाठीमागच्या पट्टीवर बसवलेली उपकरणं चपटी असतात, ३ ते ४ सेमी. पण बोर्डात खोचलेला अडॅप्टर त्यापुढे ६-७ सेमी सहज येतो. १० सेमी खोल बॉक्समध्ये मागे सॉकेट, त्यावर अडॅप्टर, आणि दार लागत नाही असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. १५ सेमी खोल मिळाला तर तोच घ्या. भिंतीतून थोडा जास्त पुढे येईल, येऊ दे.

शेवटी या चौकोनाच्या दीडपट मापाचा पुठ्ठ्याचा खोका ठरलेल्या जागी दोन दिवस चिकटवून ठेवा. दार कुठे उघडतं, कुणाचं डोकं आपटतं, कपाटाचं दार अडतं का, हे पुठ्ठ्यावर कळलेलं बरं.

पत्रा की प्लास्टिक

हा प्रश्न दिसण्याचा नाही, वाय-फाय कुठून सुटणार याचा आहे. वाय-फाय देणारा राउटर बॉक्सच्या आतच राहणार असेल तर पत्र्याचा बॉक्स घेऊ नका. धातू रेडिओ लहरी अडवतो. दाराला हवेची भोकं आहेत, त्यातून सिग्नल जाईल, असं मला दर दुसऱ्या घरी ऐकायला मिळतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेमी, ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे ६ सेमी, आणि भोकं काही मिलिमीटरची. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी नेमक्या याच कारणाने चालते: आतलं दिसतं, पण २.४५ गिगाहर्ट्‌झची लहर बाहेर येत नाही.

प्लास्टिकच्या दारातून सिग्नल जवळजवळ तसाच बाहेर पडतो. फक्त प्लास्टिक ज्वालारोधक हवं. बॉक्सवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात यूएल ९४ व्ही-० असा शेरा शोधा. नसेल तर तो बॉक्स नको, कारण आत चोवीस तास वीज चालणार आहे. लाकडी कपाटातून सिग्नल जातो, पण बंद लाकडी खणात अडॅप्टर कोंबण्याला माझा स्पष्ट नकार असतो.

पत्र्याचा बॉक्सही वाईट नाही, त्याची जागा वेगळी. घर मोठं असेल आणि वाय-फाय छतावरच्या वेगळ्या अॅक्सेस पॉइंटमधून (फक्त वाय-फाय सोडणाऱ्या उपकरणातून) द्यायचं असेल तर पत्रा मजबूत, टिकाऊ आणि आगीला जास्त सुरक्षित. त्या अॅक्सेस पॉइंटला नेटवर्क केबलमधूनच वीज देता येते. पीओई म्हणतात ती हीच, साध्या प्रकारात प्रत्येक पोर्टातून १५.४ वॉटपर्यंत. मग राउटरचं स्वतःचं वाय-फाय बंद करून टाकायचं. पत्र्याच्या बॉक्समध्ये वीज येत असेल तर अर्थिंग हवंच, त्यात सवलत नाही. आणि केबल आत येण्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी कडी. पत्र्याची कापलेली कड केबलचं आवरण हळूहळू सोलते.

उष्णता

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बॉक्स निवडताना सगळ्यात कमी विचार याचाच होतो.

उपकरण जेवढी वीज खातं तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. राउटर १० वॉट, फायबरचा मोडेम ५, लहान स्विच ३ ते ५, अडॅप्टरांची स्वतःची गळती वेगळी. २० ते २५ वॉट सहज होतात. जुना पिवळा २५ वॉटचा दिवा आठवत असेल तर तो रात्रंदिवस चालू ठेवून पेटीत बंद केला आहे अशी कल्पना करा. घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ० ते ४० अंश अशी मर्यादा असते, आणि ती त्याच्या भोवतीच्या हवेची असते, खोलीतल्या हवेची नाही. खोलीत ३३ अंश आणि बॉक्समध्ये त्याहून १५ जास्त, की मर्यादा ओलांडली.

म्हणून बॉक्सला खालीही भोकं हवीत आणि वरही. दोन्ही. गरम हवा वर चढते, पण तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आली तरच चढते. फक्त बाजूला मधोमध चार रेघा मारलेला बॉक्स दिसायला हवेशीर असतो, आत मात्र हवा तशीच साचून राहते. भोकांना बारीक जाळी असेल तर उत्तम. ऊब शोधत मुंग्या आणि झुरळं येतातच, आणि मी अडॅप्टरच्या आत घर केलेल्या मुंग्या स्वतः झटकल्या आहेत.

आत मांडताना एकावर एक रचू नका. सगळ्यात गरम होणारं वर, दोन उपकरणांत दोन बोटं अंतर. बॅटरी बॅकअप ठेवायचा असेल तर तो सगळ्यात खाली, किंवा बॉक्सच्या बाहेरच. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. शिवाय तिच्यातून थोडा वायू सुटू शकतो, म्हणून हवाबंद पेटीत ती कधीही नको.

बसवून झालं की आत साधा थर्मामीटर ठेवा, दार लावा, आणि दिवसातल्या सगळ्यात गरम वेळी चार तासांनी पाहा. ४० च्या आत असेल तर निश्चिंत. ४० ते ४५ दिसलं तर भोकं वाढवा, उपकरणं सुटी करा. त्याच्यावर असेल तर वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा लहान पंखा लावा. तो ५ व्होल्टवर चालवला तर आवाज जवळजवळ येत नाही, फक्त एवढ्या कमी व्होल्टवर सुरू होतो ना ते आधी पाहून घ्या.

याच कारणाने बॉक्सवरचा आयपीचा, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा, मोठा आकडा पाहून भुलू नका. आयपी २० म्हणजे बोट आत जाणार नाही, पाण्यापासून संरक्षण नाही. घरातल्या कोरड्या भिंतीवर एवढं पुरतं. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही, आणि जिथून धूळ शिरत नाही तिथून हवाही शिरत नाही. असा बॉक्स बाहेरच्या भिंतीवर, जिथे फक्त फायबरचा जोड आहे आणि वीज नाही, तिथे योग्य. त्यात राउटर ठेवला की तो शिजतो.

रॅक कधी घ्यावा

खोल्यांकडे जाणाऱ्या केबली आठपेक्षा कमी असतील तर रॅकची, म्हणजे उपकरणं स्क्रूने बसवायच्या ठराविक रुंदीच्या चौकटीची, गरज नाही. त्याहून जास्त असतील तर पॅच पॅनेल (भिंतीतून आलेल्या केबली पक्क्या बसवायची जॅकांची पट्टी) आणि रॅक. रॅकची उंची यूमध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. रुंदीत १९ इंची, म्हणजे ४८२.६ मिमी, हे ठरलेलं माप. घरासाठी १० इंची छोटे रॅकही मिळतात आणि मला तेच आवडतात, पण त्यात बसेल असा स्विच आणि पॅनेल आधी शोधा, मग रॅक. ४५ सेमी खोल रॅक भिंतीला लावताना भिंत कसली आहे ते नीट पाहा. पोकळ विटेत किंवा जिप्सममध्ये साध्या गिट्ट्या पकड घेत नाहीत.

रॅक असो वा साधा बॉक्स, भिंतीतून आलेली केबल थेट स्विचमध्ये खोचू नका. भिंतीतल्या केबलमध्ये सलग तांब्याची तार असते, ती वारंवार हलवली की मोडते. तिला पॅनेलमध्ये किंवा कीस्टोन जॅकमध्ये (केबलीच्या टोकाला बसवायच्या सुट्या सॉकेटात) पक्की बसवा आणि पुढे मऊ पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली लवचीक केबल, वापरा. पॅनेल ते खोलीतला जॅक हे अंतर ९० मीटरच्या आत हवं. घरात ते असतंच.

वीज आणि फायबर

बॉक्समध्ये सॉकेट वायरमनकडून बसवून घ्या. दाराच्या फटीतून आत सोडलेली एक्स्टेंशनची वायर दरवेळी चेमटते. विजेची वायर एका कडेने, नेटवर्कची दुसऱ्या कडेने न्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. मधे पडदी असलेला बॉक्स मिळाला तर तो पसंत करा.

फायबरच्या हिरव्या टोकाला निळं टोक जोडायचं नाही. हिरव्याची काच ८ अंशांनी तिरकी घासलेली असते, निळ्याची सपाट, आणि दोन्ही एकमेकांत बसल्यासारखी वाटतात हाच धोका. उघड्या टोकात डोकावून पाहू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून काही नाही असं वाटतं. मोडेम जागेवरून हलवायचा असेल तर कनेक्शन देणाऱ्यांच्या माणसालाच बोलवा.

केबली बांधायला वेल्क्रोची पट्टी. प्लास्टिकची टाय लोक ताकद लावून आवळतात आणि केबल चपटी होते. प्रत्येक तांब्याच्या केबलला मीटरभर ढील ठेवा. केबली खालून आत येऊ द्या. वरून आणाव्याच लागल्या तर आधी खाली झोळ देऊन मग आत घ्या, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी झोळावरून गळून पडतं. पाण्याच्या पाइपखाली किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर बॉक्स नकोच.

दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, आणि तीवर आकड्याऐवजी खोलीचं नाव लिहा. आईच्या घरी आता ५० सेमी उंच, ४० रुंद, १५ खोल असा प्लास्टिकचा बॉक्स आहे. दाराच्या आतून एक कागद चिकटवला आहे: स्वयंपाकघर, वरची खोली, देवघराशेजारची, गच्ची. दुपारी आत ३७-३८ अंश असतात. खालचा तिसरा हिस्सा मी मुद्दाम रिकामा सोडला होता. मागच्या महिन्यात दारावरच्या कॅमेऱ्याची केबल आली, ती तिथे बसली. आईने खालच्या ओळीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दार.